किलीफिशच्या अंड्यांसाठी कोको पीट: चालतं, पण वीट पारखून घ्या

नोथोब्रँकियससारख्या वार्षिक किलीफिशची (एका हंगामापुरत्या भरणाऱ्या डबक्यांत जगणाऱ्या छोट्या माशांची) खरी कसोटी मासे सांभाळण्यात नसते, ती अंडी घातल्यानंतर लागते. ही अंडी पाण्याबाहेर, ओलसर पीटमध्ये कित्येक आठवडे किंवा महिने राहतात. तेवढ्या काळात पीट बिघडलं की सगळी अंडी गेली. दलदलीतलं मॉस पीट (अर्धवट कुजलेलं शेवाळ) यासाठी जुनं आणि खात्रीचं. त्याऐवजी बागेसाठी मिळणारी कोको पीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुश्याची, वीट वापरता येते का? नोथोब्रँकियससाठी बेलाशक वापरा. मात्र दिसेल ती वीट उचलू नका.

पाकीट नीट वाचा. खत मिसळलेलं किंवा ‘बफर्ड’ (झाडांसाठी आधीच रासायनिक प्रक्रिया केलेलं) लिहिलेलं कोको पीट नको. बफर करताना बहुधा कॅल्शियम नायट्रेट वापरतात. ते झाडांना मानवतं, अंड्यांच्या डब्यात त्याचं काही काम नाही. साधं, बारीक आणि धुतलेलं कोको पीट घ्या. धुतलेलं असलं तरी क्षार तपासाच. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम असतं, त्यात काही ठिकाणी सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात. मूठभर पीट एक लिटर आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. आकडा मूळ पाण्यापेक्षा ५०-६० पीपीएमहून जास्त चढला असेल तर पाणी बदलून पुन्हा भिजवा. तीन-चार पाण्यांनंतरही तो खाली येत नसेल तर ती वीट कुंड्यांसाठी ठेवा.

पुढचा त्रास धाग्यांचा. लांब काथ्या राहिला तर अंडी त्यात अडकतात आणि निवडताना चिरडतात. म्हणून कोरडं असतानाच ३ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, आणि अगदी बारीक भुकटी फडक्यातून धुऊन काढा, नाहीतर टाकी आठवडाभर गढूळ राहील. मग अर्धा ते एक तास उकळा. उकळल्याने आतली हवा निघते आणि पीट तळाशी बसतं. न उकळलेलं कोको पीट दिवसेंदिवस तरंगत राहतं.

झाकणाला मासा सहज आत जाईल एवढं भोक पाडलेला लिटरभराचा डबा आणि त्यात २ सेंटिमीटर पीट, एवढं एक नर आणि दोन-तीन माद्यांना पुरतं. नोथोब्रँकियस वरच्या थरातच अंडी घालतात. ऑस्ट्रोलेबियाससारखे दक्षिण अमेरिकी मासे मात्र जोडीने पीटमध्ये बुडी मारतात. त्यांना नराच्या लांबीपेक्षा खोल थर लागतो, आणि हलकं कोको पीट त्या धडपडीत डब्याबाहेर उडतं. त्यांच्यासाठी मॉस पीटच बरं. गार्डनेरीसारख्या, मॉपवर (पाण्यात सोडलेल्या धाग्यांच्या झुपक्यावर) अंडी घालणाऱ्या किलीफिशच्या जातींना तर या खटाटोपाची गरजच नाही. अॅक्रिलिक लोकरीचा मॉप पुरे.

दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी डब्यातलं पीट अंड्यांसकट जाळीत ओतून हलक्या हाताने पिळा आणि कागदावर पसरा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. मॉस पीट चुरलेल्या तंबाखूइतकं ओलसर झालं की पिशवीत भरायचं, हे हाताला कळतं. कोको पीट वरून तेवढंच सुकं लागतं, पण आत पाणी धरून असतं. त्यामुळे स्पर्शावर विसंबू नका. पिशवी बंद करून एक दिवस ठेवा. आतून मोठे थेंब जमले तर पुन्हा पसरा. ओल जास्त राहिली की अंड्यांना हवा कमी पडते, वाढ अडते आणि बुरशी धरते. ओल कमी पडली तर अंड्यांना खळगे पडतात. वेळीच पाणी फवारलं तर त्यातली काही सावरतात.

मॉस पीटमधलं आम्ल आणि टॅनिन बुरशीला बऱ्यापैकी रोखतं, कोको पीटमध्ये तो गुण कमी. उकळताना देशी बदामाची वाळलेली पानं टाकल्याने ही उणीव थोडी भरून निघते. तरीही दर दोन-तीन आठवड्यांनी पिशवी उघडून पांढरी पडलेली अंडी चिमट्याने काढावीच लागतात. हा वेळ देणं जमणार नसेल तर कोको पीटच्या वाटेला जाऊ नका.

२४-२५ अंशांवर नोथोब्रँकियसच्या गुंथेरी जातीच्या अंड्यांना साधारण तीन महिने लागतात, राकोवी जातीच्या अंड्यांना पाच-सहा. तारखेपेक्षा अंडं बघा. भिंगाखाली पिल्लाच्या डोळ्याभोवती सोनेरी कडं दिसलं की भिजवा: १६-१८ अंशांचं पाणी, ३-४ सेंटिमीटर खोल. महिनोन्‌महिने सुकलेलं कोको पीट पुन्हा तरंगतं, म्हणून तासाभराने बोटाने हळूच दाबून बुडवा. पिल्लं काही तासांत बाहेर येतात आणि त्याच दिवशी ताजे आर्टेमिया (कोळंबीसारखे सूक्ष्म जीव) खातात. ती २४ तासांच्या आत चमच्याने स्वच्छ पाण्यात हलवा. तळाशीच घसरत राहणारी पिल्लं बरीच निघाली, तर अंडी भिजवण्याची वेळ चुकली असं समजा. त्यांचा वाताशय (मासा ज्यामुळे पाण्यात तोलून राहतो ती हवेची पिशवी) भरलेला नसतो.

न फुटलेली अंडी पीटमध्ये उरतातच. ते पुन्हा सुकवून तीन-चार आठवड्यांनी भिजवा, आणखी पिल्लं निघतील. मात्र ते पीट दुसऱ्या जातीच्या डब्यात कधीही घालू नका. नोथोब्रँकियसच्या माद्या बऱ्याच जातींत सारख्याच दिसतात, आणि मागे राहिलेल्या एका अंड्यातून संकर झाला तर तो ओळखूही येत नाही. पिशवीवर जात, मूळ ठिकाण आणि पीट काढल्याची तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहा.