लाइनीची घरघर: लूप लावू की नॉईज कॅन्सलर घेऊ?

देवगडला आमच्या गडग्याला लागूनच ११ केव्हीची लाइन गेलीय. मार्च-एप्रिलात संध्याकाळी हॅम रेडिओवर ४० मीटर (७ मेगाहर्ट्झचा बँड) लावला की सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर एस-८ वर जाऊन बसतो, स्टेशन बिशन काय नाय, नुसती घर्रर्र. आपली सप्लाय ५० हर्ट्झची, ठिणगी दर सायकलला दोनदा पडते म्हणून ती १०० हर्ट्झची घरघर, एकदा कान बसला की लगेच ओळखता येते.

पैसे काढायच्या आधी घरचं मेन स्विच पाडा आणि रिग (रेडिओ सेट) बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चोर घरातच आहे, एखादा एलईडी बल्ब नायतर चार्जर, मग पुढचं वाचू पण नका.

तरी राहिलाच तर रिगमधला नॉईज ब्लँकर, तो फुकटच आहे. बारीक टोकदार ठिणग्या तो छान कापतो पण रात्री बाजूला दणदणीत स्टेशन असलं की सगळा आवाज फाटतो, मी तरी तो दिवसाच वापरतो.

आता मुख्य प्रश्न. कॅन्सलर दुसऱ्या अँटेनावरून तोच आवाज घेतो आणि उलट्या फेजने वजा करतो. एकाच खांबावरचा एकच ढिला जंप (तारा जोडणारा तुकडा) असेल तर जादू वाटते, घरघर अक्षरशः बुडते. पण कोकणात गोष्ट वेगळी, खाऱ्या वाऱ्याने ओळीतल्या सगळ्याच इन्सुलेटरवर मीठ बसतं, संध्याकाळी दमट हवेत पाचसहा खांब एकदम कुरकुरायला लागतात, आणि कॅन्सलर एका वेळी एकालाच गप्प करतो. मित्राचा आणून आठवडाभर नॉब फिरवत बसलो, एकाला दाबला की दुसरा वर.

लूप म्हणजे फक्त ऐकायची गोल अँटेना, तो मी घरीच केला, मीटरभर व्यासाचा, पीव्हीसी पाइपवर, प्रीअँप (सिग्नल वाढवणारा) बाजारचा. फिरवून लाइनीकडे नल करता येतो, म्हणजे तिकडचा आवाज कमी ऐकू येतो, हे खरं, पण माझ्या मते खरा फायदा हा की तो उचलून लाइनीपासून लांब नेता येतो. माझा कलमांच्या पलीकडे पार टोकाला आहे. स्टेशनं डायपोलपेक्षा (नेहमीच्या तारेच्या अँटेनापेक्षा) बारीक येतात, एस-मीटर बघून हिरमोड होतो, पण घरघर त्याहून जास्त खाली जाते आणि माणूस काय बोलतो ते कळतं. कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) फेराइट रिंगवर दहा-बारा वेढे मारा, नायतर तीच वायर घरातला कचरा लूपपर्यंत नेते. आणि रिगला वेगळा रिसीव्ह अँटेनाचा सॉकेट नसेल तर ट्रान्समिटला लूप तोडणारा रिले हवाच, एकदा पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की प्रीअँप गेला समजा.

म्हणून वाडी असेल तर लूप. जागाच नसेल आणि खोड एकाच खांबाची असेल तर कॅन्सलर.

ते कळणार कसं? पहिल्या दोन-चार मोठ्या पावसांत आवाज धुवून गेला तर मीठ होतं. कोरड्या वाऱ्यात खांब हलला की खडखडत असेल तर ढिला जंप किंवा नटबोल्ट. ७ मेगाहर्ट्झवर शोधायला जाऊ नका, तिथे आवाज तारेवरून लांबवर धावतो आणि प्रत्येक खांब गुन्हेगार वाटतो. व्हीएचएफवर एएम ऐकणारा रिसीव्हर आणि तीन एलिमेंटची यागी (एकाच दिशेला ऐकणारी अँटेना) घेऊन चाला, एफएम हँडीत (हातातल्या सेटात) हा आवाज नीट येतच नाय. खांबाला ठोकू नका, ताणाची तार ओढू नका, फक्त खांबाचा नंबर लिहून वायरमनला द्या. आमच्याकडे तीन अर्जांनी काही झालं नाय, नंबर दिल्यावर मात्र जंप अर्ध्या तासात आवळला.