दसरा ते होळी, तंबूतला एक हंगाम: नाशिकजवळ मुक्कामाची जागा कशी निवडावी

आधी निकाल सांगते, मग कारणं. तुम्ही नाशिकचे असाल, बरोबर लहान मूल असेल आणि स्वतःचा तंबू घेऊन निघणार असाल, तर पाण्याच्या अगदी काठावरची जागा घेऊ नका. काठापासून पन्नास-साठ पावलं चढून गेल्यावर एखादं सपाट टेपाड लागतं का बघा. पूर्व बाजू मोकळी हवी, मागे थोडी झाडी हवी आणि हाकेच्या अंतरावर गावातलं एखादं घर हवं. एवढं जमलं की बाकीचं सगळं चालून जातं. जाहिरातीत मात्र नेमका उलटा फोटो असतो: पाण्याला चिकटलेला केशरी तंबू, समोर दोन खुर्च्या, वर दिव्यांची माळ.

यंदा पाऊस ओसरल्यावर आम्ही तीन माणसांचा, दुहेरी कापडाचा तंबू घेतला आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत शक्य होईल तेव्हा बाहेर पडलो. मी, नवरा आणि तिसरीतली लेक. गंगापूर डॅमचा मागचा भाग, अपर वैतरणा, त्र्यंबक-पहिने पट्टा आणि भंडारदरा एवढाच आमचा परीघ. काही ठिकाणी पैसे भरून तयार कॅम्पवर राहिलो, काही ठिकाणी गावात विचारून कुणाच्या तरी खळ्यावर तंबू ठोकला.

काठाबद्दल एवढं का बोलतेय, तर थंडीमुळे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवाही निवते, जड होते आणि उतारावरून हळूहळू खाली सरकत खोलगट जागी साचते. धरणाचा काठ म्हणजे त्या परिसरातली सगळ्यात खोलगट जागा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. सखल भागात गारठा कसा बसतो त्याचाच तो मोठा नमुना. वैतरण्याला एका आजोबांनी आमचा तंबू उभा राहताना पाहिला आणि म्हणाले, "ताई, तो ओहळ दिसतो ना, रातच्याला गारठा तिथूनच खाली येतो. दार तिकडं करू नका, आन् जमलं तर वरच्या बांधावर या." आम्ही वर गेलो. खाली राहिलेल्या दुसऱ्या मंडळींचे तंबू सकाळी दहिवरानं असे निथळत होते की त्यांच्या झोपायच्या पिशव्यासुद्धा ओल्या झाल्या होत्या. आमच्या तंबूवर दव होतं, पण बाहेरच्या कापडापुरतं.

पूर्व मोकळी हवी म्हणते ती उन्हासाठी. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, पण पूर्वेला कडा असेल तर ऊन तंबूवर पडायला साडेआठ वाजतात. तोवर सगळे कुडकुडत बसतात आणि तंबू ओलाच गुंडाळावा लागतो. ओला गुंडाळलेला तंबू घरी येऊन गच्चीवर पसरला नाही तर आठवड्यात वास मारायला लागतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

आता एकेक ठिकाण.

गंगापूर डॅम पहिल्या रात्रीसाठी उत्तम. १९६५ साली पूर्ण झालेलं गोदावरीवरचं हे मातीचं धरण म्हणजे आपल्या नळाचं पाणी, त्यामुळे भिंतीच्या आसपास मुक्कामाचा विचारही करू नये. कॅम्प आहेत ते मागच्या बाजूला, गिरणारे-गंगावऱ्ह्याकडे. काही विसरलं, मूल आजारी पडलं, तंबू उभाच राहिला नाही, तरी तासाभरात घरी. पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरीची रांग दिसते आणि सूर्य तिच्यामागे जातो, तेव्हा संध्याकाळ फुकट जात नाही. दोष दोन. पूर्वेचं निम्मं आकाश शहराच्या उजेडानं पांढुरकं असतं, म्हणजे तारे बघायचे तर इथे येऊ नका. दुसरा दोष म्हणजे तुळशीचं लग्न झालं की लॉन्सवरचे डीजे सुरू होतात. रात्री पाण्यावरून आवाज लांबवर येतो, आणि कुठल्यातरी अनोळखी नवरदेवाची वरात तुम्ही तंबूत पडून ऐकत राहता.

अपर वैतरणा मला सगळ्यात आवडलं. घोटीकडून जा किंवा त्र्यंबककडून, मुंबईला पाणी देणारा हा जलाशय इतका पसरलेला आहे की गर्दी जाणवत नाही. नोव्हेंबर इथला राजा. भातकापणी झालेली असते, खाचरं रिकामी असतात, गवत सोनेरी पण अजून पुरतं वाळलेलं नाही, आणि धरण भरलेलं. खाचरात तंबू लावायचा मोह होतो, कारण जमीन सपाट. पण भाताची धसकटं तंबूच्या तळाला भोकं पाडतात. खळं मिळालं तर खळंच मागा. सारवलेलं, सपाट, दगड वेचलेलं. यापेक्षा चांगली कॅम्पसाइट कुणी पैसे घेऊनही बांधून देत नाही. मात्र मळणी आटोपली आहे ना एवढं विचारा. लोकांच्या कामात आपला तंबू नको.

तिथेच फेब्रुवारीच्या शेवटी एका तयार कॅम्पचं "लेकसाइड" बुकिंग केलं. चालवणाऱ्याचं नाव घेत नाही. पोहोचलो तर पाणी दोनशे पावलं मागे सरकलेलं, मधे भेगाळलेला गाळ, आणि कडेचा ओला पट्टा असा की लेकीचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. यात पाण्याचा दोष नाही. धरणं सप्टेंबर-ऑक्टोबरला भरलेली असतात, मग सिंचनाची आवर्तनं सुटतात, शहरांचा उपसा चालू असतोच, आणि काठ महिन्यामहिन्याला खाली जातो. दोष असलाच तर ऑक्टोबरचा फोटो फेब्रुवारीत दाखवून पैसे घेणाऱ्याचा. म्हणून आता बुकिंगच्या आधी "आजचा फोटो पाठवा" असं सांगते. पाठवत नाहीत त्यांच्याकडे जात नाही.

गाळात आणखी एक भानगड आहे. खुंट्या लोण्यात गेल्यासारख्या जातात आणि वारा सुटला की तशाच बाहेर येतात. उलट माळावर मुरूम आणि खाली कातळ; तिथे तंबूबरोबर आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्याच घावाला वाकल्या. अंबडला ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आठ मिलिमीटरच्या सळईच्या वीतभर लांब, टोकदार खुंट्या करून घेतल्या. जड आहेत, पण गाडीनं जाणाऱ्याला काय त्याचं. कातळच लागला तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळून वर दुसरा दगड ठेवायचा. तो दगड उचलताना आधी पायानं हलवून बघा, खाली इंगळी (मोठा विंचू) असते.

त्र्यंबक-पहिने पट्ट्याबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात पहिनेला अर्धं नाशिक लोटतं, पण तो मोसम तंबूचा नाही. शहरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, इगतपुरीकडे तीन हजारांच्या वर. त्या पावसात कुठलंही कापड रात्रभर तग धरत नाही आणि धरलं तरी खालून पाणी येतं. हिवाळ्यात हरिहर किंवा अंजनेरी पहाटे चढायचा असेल तर पायथ्याला मुक्काम सोयीचा, एवढाच त्याचा फायदा. माकडं धीट आहेत. खाणं तंबूत ठेवलं तर चेनसकट फाडतात, गाडीत ठेवा. आणि पौषात निवृत्तिनाथांची यात्रा असते तेव्हा त्र्यंबक रोडवर दिंड्या असतात. त्या दिवसांत एक तर दिंडीबरोबर चालायला जा, नाही तर त्या बाजूला गाडी घालू नका. २०२७च्या सिंहस्थाची कामं चालू असल्यानं एरवीही तासभर जास्त धरून निघावं.

भंडारदऱ्याविषयी माझं मत फारसं लोकप्रिय नाही. जागा देखणी आहे, यात वाद नाही. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, आणि शंभर वर्षांत तो जलाशय निसर्गाचाच वाटावा इतका रुळला आहे. एकीकडे रतनगड, दुसरीकडे १६४६ मीटरचं कळसूबाई, मधे पाणी. पण शनिवारी रात्री तिथे झोप लागत नाही. आम्ही एकदा माणशी बाराशे रुपये भरले. जेवण, नाश्ता, शेकोटी सगळं त्यात. पन्नासेक माणसांना दोन संडास, आणि रात्री एक वाजेपर्यंत स्पीकर. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्यानं मनाई आहे हे मी मॅनेजरला सांगितलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, पब्लिक त्यासाठीच येतं." खरंच येत असावं. तसं असेल तर तसं जाहिरातीत लिहा, मग माझी काही तक्रार नाही.

यावर आमचा उपाय रविवार रात्र. मुंबई-पुण्याची मंडळी दुपारी जेवून परत फिरतात आणि त्याच जागा संध्याकाळी रिकाम्या होतात. नवऱ्याची सुट्टी सोमवारची आणि लेकीची शाळा दुपारची, म्हणून आम्हाला जमलं. सकाळी लवकर निघून घोटीमार्गे वेळेत पोहोचतो. रतनवाडीकडे एका घरी जेवण सांगितलं होतं: नागलीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, इंद्रायणीचा भात. ज्या मावशींनी वाढलं त्यांनीच रात्री अकराला टॉर्च घेऊन येऊन विचारलं, "पोरगी निजली का? गारठत नाय ना?" कॅम्पच्या पॅकेजमध्ये हे मिळत नाही. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, चंद्र नसेल तर तो बघायला भंडारदऱ्यासारखं आकाश जवळपास दुसरीकडे नाही. मोबाइलला रेंज येते-जाते, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सुरक्षिततेबद्दल लोक सगळ्यात आधी बिबट्याचं विचारतात. या भागात तो आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण उष्टं-खरकटं टाकलं की कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. खरकटं पिशवीत बांधून गाडीत, आणि रात्री मुलांना एकटं बाहेर पाठवायचं नाही, एवढं पाळतो. मला स्वतःला सापाची जास्त काळजी वाटते. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, म्हणून तंबूची चेन सतत बंद. चपला-बूट आत, आणि घालण्याआधी झटकून. जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, तिथवर रस्ता किती वेळाचा, हे उजेडी विचारून ठेवायचं. ज्या कॅम्पवाल्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याला निव्वळ तंबू भाड्यानं देणारा समजा.

शेकोटीचं माझं मत हंगामाबरोबर बदललं. नोव्हेंबरात ठीक. संक्रांतीनंतर डोंगरउतारावरचं गवत कडकडीत वाळतं आणि एक ठिणगी पुरते; वणवा लागला की गावकऱ्यांची रात्र जाते आणि गुरांचा चारा जातो. राखीव वनात तर आग पेटवणं हा गुन्हाच आहे. आम्ही जुनं लोखंडी घमेलं नेतो, तीन दगडांवर ठेवून त्यात लाकडं पेटवतो आणि झोपण्याआधी पाणी ओततो. फेब्रुवारीनंतर तेही नाही. गावात सरपण विकत मिळतं, झाडं मोडायची गरज नाही.

खरेदीत पैसे कुठे घालावेत, तर खालच्या गादीत. जाड झोपायच्या पिशवीवर खर्च करून खाली पातळ चादर घातली तर थंडी जमिनीतून वर येते, कारण अंगाखाली दबलेला कापूस ऊब धरत नाही. फोमची चटई, तिच्यावर घरची सतरंजी, वर साधी पिशवी आणि गोधडी, एवढ्यावर आमची जानेवारी निघाली. तंबूखालची ताडपत्री तंबूच्या आकारापेक्षा चार बोटं लहान हवी. मोठी असेल तर बाहेर डोकावणाऱ्या भागावरचं दव ओघळून सरळ तुमच्याखाली येतं. आणि तंबू रात्रभर पुरता बंद करू नका, वरची जाळीची खिडकी उघडी राहू द्या, नाही तर श्वासाचंच पाणी आतून गळतं.

नवीन माणसानं तंबू लगेच विकत घेऊ नये असं मी म्हणेन. आधी भाड्यानं घेऊन गंगापूरला एक रात्र काढा. घरातल्या एकालाही जमिनीवर झोप लागत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

होळीनंतर आम्ही थांबलो. दुपारी तंबूत बसवत नाही, काठ दूर गेलेला असतो आणि गवताचं भय. मे संपता संपता काजव्यांसाठी भंडारदऱ्याला जाणार आहोत, पण तंबू न घेता. त्या दिवसांत वळवाचा पाऊस कधी कोसळेल सांगता येत नाही आणि झाडाखाली तंबू लावणं तर विजेला आमंत्रण. तिथल्याच शेंडी गावात खोली सांगितली आहे, शनिवार सोडून.