प्राँग कॉलर की फ्रंट क्लिप हार्नेस? ओढणाऱ्या जर्मन शेफर्डसोबतचा काही महिन्यांचा अनुभव

आधी स्पष्ट सांगते, प्राँग कॉलरने ओढणं थांबतं. पहिल्याच वॉकला थांबतं, त्यात खोटं काही नाही. आणि तरीही कॉलर आणि हार्नेस दोन्ही वापरून झाल्यावर मी म्हणेन की कॉलर घेऊ नका.

आमचा ब्रुनो ३६ किलोचा, जर्मन शेफर्ड. मामेभावाची बदली बंगळुरूला झाली म्हणून मोठा झालेलाच आमच्याकडे कोल्हापूरला आला, सोबत पिशवीत जेवणाचं भांडं, लसीकरणाचं कार्ड आणि हा कॉलर. दादाने बजावलं होतं की हा घातल्याशिवाय बाहेर काढू नका, आईचा खांदा जाईल. आईला साठी ओलांडून काही वर्षं झालीत आणि सकाळी ब्रुनोला तीच फिरवते, त्यामुळे आमच्यासाठी प्रश्न खराच होता. सुरुवातीचे काही आठवडे कॉलर, मग पावसाळ्याच्या तोंडावर हार्नेस, म्हणजे मानेऐवजी छाती-पाठीभोवती बांधायचे पट्टे, आणि आता दिवाळीही होऊन गेली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, प्राँग कॉलर म्हणजे स्टीलच्या कड्यांची माळ, प्रत्येक कडीला आतल्या बाजूला वळलेले दोन बोथट दात. कुत्र्याने ओढलं की सगळे दात एकदम मानेला चिमटतात. बिबट्याच्या भागात शेतावरच्या कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा घालतात तो हा नव्हे, त्याचे खिळे बाहेर असतात आणि कुत्र्याला वाचवायला असतात. दुकानात लोक दोन्ही एकच समजून घेऊन जातात म्हणून सांगितलं.

याच्या बाजूने जे बोलतात त्यांचं एक म्हणणं मला पटतं, चोक चेनपेक्षा हा बरा. चोक चेन म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी, ती कितीही आवळत जाते, याला आवळायची मर्यादा असते आणि दाब एका ठिकाणी न येता गोल पसरतो. पण ते सगळं तेव्हाच, जेव्हा कॉलर बरोबर मापाचा असेल, कानांच्या मागे अगदी वर बसवलेला असेल, कड्या काढून-घालून फिट केलेला असेल. आपल्याकडे रस्त्यावर बघा, दहातले बहुतेक कॉलर खाली घसरून थेट श्वासनलिकेवर लोंबत असतात, कारण सैल वाटला की लोकांना दयाळूपणा वाटतो, आणि उलट सैल कॉलरला झटका जास्त बसतो. ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्यांच्या दातांची टोकं नीट घासलेलीही नसतात. शिवाय कडी कधी निसटून उघडली तर कुत्रा रस्त्यावर मोकळा, म्हणून सोबत दुसरा साधा पट्टा लागतोच.

ब्रुनोचा कॉलर चांगल्यातला होता, बसवलेलाही नीट. एकदा आंघोळीनंतर मानेचे केस बाजूला करून बघितलं तर खाली कातडीवर लाल ठिपके, दोन-दोनच्या जोड्यांनी, कॉलरच्या दातांच्याच अंतरावर. वरून दाट केसांमुळे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कुत्र्याची कातडी केसांमुळे जाड वाटते पण तिचा वरचा थर माणसापेक्षा बराच पातळ असतो. वापरत असाल तर आज केस बाजूला करून बघाच.

पण मला काळजी वाटली ती ठिपक्यांपेक्षा दुसऱ्या गोष्टीची. रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला एक पांढरी भटकी कुत्री बसलेली असते, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. ब्रुनो आधी तिला बघून नुसता शेपटी हलवत पुढे ओढायचा, वास घ्यायला. कॉलर चिमटायचा, हा थांबायचा, आम्हाला वाटायचं काम झालं. काही दिवसांनी तो तिला लांबून बघितल्यावरच कान ताठ करून गुरगुरायला लागला, मग कुठलंही कुत्रं दिसलं तरी तेच. त्याच्या बाजूने विचार करा, त्याला काय कळणार की मी ओढलं म्हणून दुखलं, त्याला एवढंच कळतंय की कुत्रं दिसलं की मान दुखते. आपल्या गल्लीबोळात पावलापावलावर भटकी कुत्री, म्हणजे वॉकभर त्याला हाच धडा मिळत राहणार. परदेशात मोकळ्या फूटपाथवर चालवणाऱ्यांचे व्हिडिओ बघून आपण हे ठरवूच शकत नाही.

आणि कॉलर काढून साधा पट्टा लावला की दुसऱ्या मिनिटाला तो पहिल्यासारखाच ओढायचा. म्हणजे तो शिकला काहीच नव्हता, कॉलर अंगावर आहे की नाही एवढंच ओळखायचा.

जाता जाता, या कॉलरचा सगळ्यात नावाजलेला ब्रँड हर्म स्प्रेंगर जर्मनीचा, आणि त्याच जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून ट्रेनिंगमध्ये असे पट्टे वापरायला बंदी आहे. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्येही बंदी आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे, पण या कॉलरचं नाव घेऊन काही म्हटलेलं नाही, त्यामुळे विक्री बिनधास्त चालू.

आता हार्नेस. फ्रंट क्लिप म्हणजे लीश, म्हणजे आपल्या हातातला दोर, अडकवायची रिंग छातीवर असलेला. पाठीवर रिंग असलेला साधा हार्नेस घेऊ नका, त्यात कुत्रा छातीचा सगळा जोर लावून अजून मजेत ओढतो. छातीवर रिंग असली की ओढल्यावर तो आपोआप बाजूला वळतो, पुढे जाताच येत नाही. पुढून बघितल्यावर इंग्रजी वायसारखा आकार हवा, खांद्यावरून आडवा पट्टा जाणारा असेल तर चाल अडते. मला बाराशेच्या आसपास पडला.

तोटेही सांगते. काखेत घासून ब्रुनोचे थोडे केस गेले, पट्टा एक बोट मागे घेतल्यावर थांबलं. पावसाळ्यात नायलॉन वाळतच नाही आणि ओला तसाच घातला तर कातडीला खाज सुटते, म्हणून दोन घ्यावे लागले. घाबरून मागे सरकला तर हार्नेसमधून अख्खा निसटू शकतो, त्यामुळे साध्या पट्ट्याला जोडणारी छोटी सेफ्टी स्ट्रॅप लावायची. आणि मुख्य म्हणजे पहिल्या दिवशी कॉलरसारखा चमत्कार होत नाही, ओढणं निम्म्यावर येतं एवढंच. उरलेलं आपल्याला शिकवायला लागतं.

आम्ही काय केलं, तर त्याच्या सकाळच्या जेवणातलंच उकडलेलं चिकन बारीक करून कमरेच्या पाऊचमध्ये. आधी घरात, मग पार्किंगमध्ये, मग पहाटेच्या रिकाम्या गल्लीत, आणि रंकाळा सगळ्यात शेवटी. लीश ताणली की आपण खांबासारखं उभं राहायचं, सैल झाली की चालायचं, डाव्या पायाशी आला की तुकडा. आईने एक गोष्ट स्वतःहून शोधली, नीट चालला की त्याला हवं ते झाड पोटभर हुंगू द्यायचं, आणि खरं सांगते, काही वेळा चिकनपेक्षा त्याला तेच जास्त आवडतं. भटक्या कुत्र्यांसाठी वेगळं, इतक्या लांब उभं राहायचं की त्याला दिसेल पण तो गुरगुरणार नाही, त्याने बघितलं की लगेच तुकडा. अंतर हळूहळू कमी. यात गडबड केली की सगळं मागे जातं, घरात एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ओढू द्यायचं असं केलं तरी मागे जातं. आमच्या बाबांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता तो त्या पांढरीला बघतो आणि वळून आईच्या हाताकडे बघतो. आईचा खांदा शाबूत आहे, ती एका हातात लीश धरून शेजारच्या काकूंशी बोलत चालते.

पग, पॉमेरेनियन असली छोटी कुत्री असतील तर प्राँग राहू दे, साध्या गळ्याच्या पट्ट्यालाही लीश लावू नका, त्यांची श्वासनलिका नाजूक असते. आणि कुत्रा अंगावर धावून जाणारा, आधी कुणाला चावलेला असेल तर हार्नेसवर विसंबू नका, मझलची, म्हणजे चावू नये म्हणून तोंडाला घालायच्या जाळीची, सवय लावा आणि मारझोड न करणारा ट्रेनर शोधा. "दोन दिवसांत सरळ करतो" म्हणणारा नको.

मांजर दिसलं की मात्र ब्रुनो अजूनही सगळं विसरतो. आमच्या मागच्या गल्लीत मांजरांचा सुळसुळाट आहे, तिकडून न्यायचं असेल तर आईऐवजी मीच जाते आणि लीश दोन हातांनी धरते. त्यावर काम चालू आहे.