सेफ्टीचे मोल दाखवणारे ऑल-२२ चित्रण

अमेरिकन फुटबॉलच्या नेहमीच्या प्रक्षेपणात कॅमेरा क्वार्टरबॅकभोवती, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूभोवती, फिरत राहतो आणि बचावफळीत सर्वांत मागे उभा असलेला सेफ्टी चेंडू हवेत जाईपर्यंत बहुधा दिसतच नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ‘एनएफएल प्लस’ या प्रक्षेपण सेवेच्या प्रीमियम वर्गणीत मिळणारे ऑल-२२ चित्रण ही उणीव भरून काढते. त्यात मैदानावरचे बावीसही खेळाडू एका चौकटीत दिसतात. प्रत्येक प्ले, म्हणजे चेंडूची एकेक चाल, आधी बाजूने, उंचावरून आणि मग मैदानाच्या टोकाच्या एंड झोनच्या मागून दाखवला जातो. समालोचन नसते, त्यामुळे सुरुवातीला थोडे चुकल्यासारखे होते, पण नजर आपोआप बचावाकडे वळते.

बाल्टिमोर रेव्हन्सचा २०२३ चा हंगाम मी यावर पुन्हा पाहिला, तो काइल हॅमिल्टनसाठी. ६ फूट ४ इंच उंचीच्या या सेफ्टीला संघाने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) १४ व्या क्रमांकावर निवडले होते. प्रतिस्पर्ध्याने तीन रिसीव्हर (पास झेलणारे) उतरवले की बचावाला एक लाइनबॅकर (मधल्या फळीतला धिप्पाड बचावपटू) कमी करून पास अडवणाऱ्या मागच्या फळीत पाचवा, अंगाने हलका खेळाडू आणावा लागतो, आणि मग आक्रमण नेमके त्याच्याच अंगावर धाव घेते. हॅमिल्टन स्लॉटमधल्या, म्हणजे आतल्या बाजूला उभ्या असलेल्या, रिसीव्हरला सांभाळतो, धावणाऱ्याला लाइनबॅकरसारखा आडवा करतो आणि ब्लिट्झलाही, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर चाल करून, जातो, त्यामुळे तो पाचवा असताना ही पळवाट उरत नाही. इंडियानापोलिसविरुद्ध त्याने एकाच सामन्यात तीन सॅक केले, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला तीनदा पाडले. क्लीव्हलँडविरुद्ध तर सुरुवातीलाच त्याने उडी मारून पास हाताने वर उडवला, तोच चेंडू झेलला आणि १८ यार्ड धावत टचडाउन केला. हा सामना रेव्हन्स ३३-३१ असा हरले, तरी हा प्ले मी किती वेळा मागे नेऊन पाहिला याची गणती नाही.

मात्र हे श्रेय एकट्या हॅमिल्टनचे नाही, आणि हेही ऑल-२२ मुळेच नीट कळले. त्याला पुढे मोकळे सोडता आले, कारण मागे जीनो स्टोनसारखा भरवशाचा सेफ्टी होता. त्या हंगामात स्टोनने सात इंटरसेप्शन केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे सात पास स्वतः झेलले. त्या वर्षी रेव्हन्सने सर्वांत कमी गुण दिले आणि सर्वाधिक, म्हणजे ६० सॅक केले. स्टोन संघ सोडून गेल्यावर २०२४ च्या पूर्वार्धात पासविरुद्धचा बचाव कोलमडला, तेव्हा हॅमिल्टनला मागे खोलवर नेण्यात आले आणि बचाव सावरला. मला त्याचे खरे मोल इथे दिसते. पुढे खेळताना त्याचे नाव आकडेवारीत झळकते. मागे उभा असताना क्वार्टरबॅक त्याच्या दिशेने लांब पास टाकण्याचे टाळतो, आणि न टाकलेल्या पासची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. २०२५ मध्ये संघाने त्याच्याशी चार वर्षांसाठी १० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केला, तो मला योग्य वाटतो.

वर्गणी घेणाऱ्यांना एकच सुचवावेसे वाटते: हे चित्रण दूरदर्शन संचाच्या मोठ्या पडद्यावर पाहावे. कॅमेरा इतका दूर असतो की मोबाइलवर हॅमिल्टनच्या पाठीवरचा १४ हा आकडा वाचता येत नाही, आणि स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी तो टाकत असलेली दोन पावले तर निसटूनच जातात.