जुन्या पिकअपच्या एसीसाठी आर-१३४ए रेट्रोफिट किट: ॲडॅप्टर उत्तम, गेज बिनकामाचं

साठ-सत्तरच्या दशकातल्या पिकअपचा एसी आर-१२ गॅसवर चालायचा. विकसित देशांत या गॅसचं उत्पादन १९९५ अखेर थांबलं, त्यामुळे आता अशा गाडीत गॅस भरायचा म्हणजे बहुतेक वेळा आर-१३४ए या नंतर आलेल्या गॅसवर जायचं. त्यासाठी तयार किट मिळतं. त्यात साधारणपणे ३४० ग्रॅमचे तीन कॅन, एस्टर ऑइलचा छोटा कॅन, गेज बसवलेला एक होज, दोन ॲडॅप्टर आणि बोनेटखाली लावायचं लेबल असतं. सूचना अगदी सोप्या: होज जोडा, कॅन उघडा, काटा हिरव्या पट्ट्यात आला की थांबा.

किटमधली सर्वांत फसवी वस्तू म्हणजे हा हिरवा पट्टा. इंजिन बंद असताना २५ अंशांना गेजवर ८० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) आसपास दिसतं, आत १०० ग्रॅम गॅस असो की किलोभर. थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तापमानावरच ठरतो. एसी चालू केल्यावरही लो साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूचा, २५ ते ४५ पीएसआय एकटा काही सांगत नाही. बाहेर ३२ अंश असताना १५०० आरपीएमला हाय साइडला (कॉम्प्रेसरमधून बाहेर जाणाऱ्या जास्त दाबाच्या बाजूला) साधारण २०० ते २३० पीएसआय हवं. लो ६० आणि हाय १२० असेल तर बहुधा कॉम्प्रेसर दमलाय. लो शून्याकडे जात असेल तर गॅस फार कमी आहे किंवा कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्सपान्शन वॉल्व्ह अडकलाय. दोन्ही चढे असतील तर गॅस जास्त, आत हवा, नाहीतर कंडेन्सरला (गरम गॅस थंड करून द्रव करणाऱ्या जाळीला) वारा नाही. एका काट्यावर हे कळणार कसं? दोन गेजचा मॅनिफोल्ड आणि वजनकाटा वेगळा घ्यावाच लागतो.

किटमध्ये व्हॅक्यूम पंप नाही, ही त्याहून मोठी उणीव. अनेक वर्षं उघड्या पडलेल्या सिस्टिममध्ये हवा आणि ओल असते. हवा थंड होऊन द्रव होत नाही, ती कंडेन्सरमध्ये जागा अडवते आणि हाय साइड चढवते. ओल एक्सपान्शन वॉल्व्हमध्ये गोठते, शिवाय ऑइलशी मिळून आम्ल बनवते. २९ इंच व्हॅक्यूमला पाणी सुमारे २५ अंशांना उकळतं, म्हणून थंडीत इंजिन गरम करूनच पंप लावावा. ४५ मिनिटं खेचून वॉल्व्ह बंद करा आणि अर्धा तास थांबा. काटा थोडा वर येऊन स्थिरावला तर ओल उरलीय, चढतच राहिला तर गळती आहे. जुना आर-१२ अजून आत असेल तर तो हवेत सोडू नका, गॅस ओढून साठवणाऱ्या रिकव्हरी मशीनवर काढून घ्या.

ॲडॅप्टर मात्र चोख. लो साइडचा १३ मिमी आणि हाय साइडचा १६ मिमी असल्यामुळे होज उलटा जोडलाच जात नाही. आट्यांवर एस्टर ऑइलचा थेंब लावून बसवा. वरच्या टोप्या हरवू नका, गॅस अडवण्याचं अर्धं काम त्याच करतात.

ऑइल फारच तोकडं आहे. जनरल मोटर्सच्या ए-६ कॉम्प्रेसरच्या सिस्टिमला सुमारे ३०० मिली ऑइल लागतं. मूळचं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते कूलिंग कॉइलमध्ये साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून जुनं ऑइल ओतून काढा आणि एस्टर भरा, थोडं मिनरल मागे राहिलं तर एस्टर ते चालवून घेतं. ओ-रिंग (जोडांतल्या सीलच्या रिंग) एचएनबीआर रबराच्या, ड्रायर (ओल शोषणारा डबा) एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ शोषकाचा. यातलं काहीच किटमध्ये नाही.

गॅसचं प्रमाण आर-१२ च्या वजनाच्या ८० ते ९० टक्के. गाडीवरच्या एसीच्या प्लेटवर १४०० ग्रॅम असेल तर ११२० ते १२६० ग्रॅम लागेल. तीन कॅनचे होतात १०२०, त्यातलं थोडं होजमध्येच राहतं. म्हणजे मोठ्या सिस्टिमला चौथा कॅन आलाच. होजमधली हवा आधी काढा. इंजिन चालू असताना कॅन उभा धरून फक्त लो साइडने भरा. कॅन उलटा धरला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाऊन त्याची रीड (पातळ झडप) मोडते. चालू कॉम्प्रेसरच्या हाय साइडला कॅन लावाल तर तो फुटेल. गॉगल आणि हातमोजे घालाच, हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो.

साइट ग्लासमधले (आतला गॅस दिसणाऱ्या छोट्या काचेतले) बुडबुडे जाईपर्यंत भरण्याची सवय आर-१२ च्या काळातली. आर-१३४ए मध्ये प्रमाण बरोबर असतानाही बुडबुडे दिसतात, काच स्वच्छ होईपर्यंत भरलं तर गॅस हमखास जास्त होतो. गळती बुजवणारा सीलंट मिसळलेले कॅनही टाळा: ओल मिळाली की तो आतच घट्ट होतो आणि पुढे रिकव्हरी मशीनही बिघडवतो.

पीओए वॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमधला दाब ठरावीक ठेवणाऱ्या) गाड्यांत आणखी एक काम उरतं. शून्य अंशाला आर-१२ चा दाब ३० पीएसआय, आर-१३४ए चा २८ च्या आत. वॉल्व्ह जुन्याच सेटिंगला ठेवला तर कॉइल हवी तेवढी गार होत नाही, तो थोडा खाली उतरवावा लागतो.

एवढं करूनही हवा कोमट येत असेल तर गॅसला दोष देण्याआधी हीटरचा वॉटर वॉल्व्ह बघा. तो नीट बंद होत नसेल तर हीटर कोअर गरमच राहतो. हीटरचा होज चिमट्याने दाबून पाहिलं की पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं.

लेबल न विसरता भरा: गॅस, ग्रॅम, ऑइलचा प्रकार, मिली आणि तारीख.