अकाउंट आमचं, पण ओटीपी त्यांच्या फोनवर

आमचा छोटा ब्रँड आहे, इन्स्टाग्राम आधी मीच बघायचे, पण पोस्ट, रिप्लाय, ऑर्डर सगळं एकटीला झेपेना म्हणून एका एजन्सीला काम दिलं. पहिल्याच मीटिंगला त्यांनी भलंमोठं कंटेंट कॅलेंडर दाखवलं, महिन्याला इतके रील, इतके कॅरोसेल (एकाच पोस्टमध्ये सरकवत बघायचे बरेच फोटो), आणि ३ महिन्यांत फॉलोअर्स दुप्पट करून देतो म्हणाले. आमचं गिऱ्हाईक कोण, ते काय विचारतं, हे मात्र एकदाही विचारलं नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"दरवेळी ओटीपीसाठी तुम्हाला कशाला त्रास" म्हणत अकाउंटला त्यांनी स्वतःचा ईमेल आणि नंबर जोडला, मीही हो म्हटलं. अ‍ॅड अकाउंट, म्हणजे जाहिराती चालवायचं खातं, तेही त्यांच्याच नावावर, पैसे आमचे.

फॉलोअर्स भराभर वाढले. दर महिन्याला पीडीएफ यायची, रीच (किती लोकांना पोस्ट दिसली) वाढलेला, इम्प्रेशन्स (एकूण किती वेळा दिसली) वाढलेले, पण ऑर्डर कमी होत चालल्या, मेसेज तर जवळपास बंदच. शेवटी एका रात्री फॉलोअर्सची लिस्ट उघडून बसले तर काय, फोटो नाही, एक पोस्ट नाही, नावात नुसते आकडे, आणि इन्साइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम स्वतः दाखवतं त्या आकडेवारीत, सगळ्यात वर असे देश जिथे आम्ही माल पाठवतच नाही! हे विकतचे फॉलोअर्स ना सेव्ह करतात ना शेअर, मग पोस्ट पुढे जाणार कशी?

जाब विचारला आणि दुसऱ्या दिवशी माझंच लॉगिन बंद. पासवर्ड रिसेट केला तर कोड त्यांच्याकडे जातोय. फेसबुक पेजचा फुल कंट्रोल त्यांनाही दिला होता, तिथूनही मला काढून टाकलं. इतकी रडले त्या दिवशी.

म्हणून कळकळीने सांगते, पासवर्ड कोणालाच देऊ नका. बिझनेस पोर्टफोलिओ (फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, जाहिराती एकत्र सांभाळायची मेटाची जागा) आणि अ‍ॅड अकाउंट स्वतःच्या नावाने उघडा आणि एजन्सीला त्यात फक्त कामापुरता अ‍ॅक्सेस द्या, तो कधीही काढता येतो. टू फॅक्टरचा, म्हणजे लॉगिनला पासवर्डनंतर लागणारा कोड येतो तो नंबर तुमचाच असू दे, आणि तो कोड मिळाला नाही तर वापरायचे बॅकअप कोड लिहून ठेवा. आणि पीडीएफवर जाऊ नका, इन्साइट्स स्वतःच्या फोनवर उघडून बघा.

बऱ्याच खटपटीनंतर अकाउंट परत मिळालं. जाहिरातींचा जुना डेटा, बनवलेल्या ऑडियन्स (जाहिरात कोणाला दाखवायची त्या याद्या), सगळं त्यांच्याच अ‍ॅड अकाउंटमध्ये राहिलं. खोटे फॉलोअर्स मी रोज रात्री थोडे थोडे हाताने काढतेय, अजून खूप बाकी आहेत.