किनाऱ्यावरच्या घराचे पर्यावरणस्नेही नूतनीकरण: कोणता पर्याय कधी निवडावा

संपूर्ण घराचे नूतनीकरण करायचे म्हटले की चर्चा लगेच रंग, फरशा आणि सौर पॅनेलवर येते. समुद्राजवळच्या घराच्या बाबतीत मात्र जुना सांगाडा ठेवायचा की पाडून नवे बांधायचे, हा निर्णय आधी घ्यावा लागतो आणि पर्यावरणाच्या हिशेबात त्याचेच वजन सर्वांत जास्त असते. जगभरातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक उत्सर्जन भट्टीच्या इंधनातून नव्हे, तर चुनखडीच्या रासायनिक विघटनातून होते. त्यामुळे केवळ स्वच्छ इंधन वापरून सिमेंट स्वच्छ होत नाही. उभ्या असलेल्या सांगाड्याचे हे उत्सर्जन होऊन गेलेले असल्याने, तो वाचवता येत असेल तर वाचवणेच योग्य.

तो वाचवता येतो का, हे डोळ्यांनी पाहून ठरवू नये. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. त्यामुळे सळई गंजू लागली की ती वरचे काँक्रीट आतून फोडते आणि सळईच्या रेषेत तडा दिसू लागतो. हातोडीने हलके ठोकल्यावर जिथे भद्द, पोकळ आवाज येतो, तिथे काँक्रीट आतून सुटलेले असते. अनेक तपासनीस ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे रसायन फवारतात आणि तो भाग गुलाबी झाला की काँक्रीट निरोगी असल्याचे सांगतात. ही चाचणी हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा, सळईला गंजापासून वाचवणारा अल्कधर्म किती खोलवर कमी झाला आहे, एवढेच दाखवते. किनाऱ्यावरचा खरा शत्रू समुद्राच्या मिठातले क्लोराइड आहे आणि काँक्रीट गुलाबी असतानाही क्लोराइडमुळे सळई गंजत असू शकते. म्हणून वेगवेगळ्या खोलीवरून भुकटी काढून तिच्यातील क्लोराइडचे प्रमाण मोजून घ्यावे. अहवालात हा आकडा नसेल तर तो अहवाल अपुरा समजावा.

बिघाड छज्जे, सज्जा आणि स्नानगृहाच्या स्लॅबपुरता मर्यादित असेल तर दुरुस्तीच सरस ठरते. मात्र फक्त फुटलेला भाग काढून तिथे नवा मसाला भरला, तर त्या ठिगळाच्या कडेला, जुन्या खारट काँक्रीटमधील सळई आधीपेक्षा वेगाने गंजू शकते, कारण आतापर्यंत तिचे अप्रत्यक्ष संरक्षण करणारा गंजता भाग नाहीसा झालेला असतो. यासाठी सळईच्या मागपर्यंत खोदून काढणे आणि ठिगळाच्या कडेला सळईवर जस्ताचे त्यागी अॅनोड (स्वतः झिजून सळईला वाचवणारे तुकडे) बांधणे हा चांगला उपाय आहे. उलट, बहुतेक कॉलम आणि बीममध्ये सळईच्या पातळीपर्यंत क्लोराइड पोहोचले असेल, तर दर काही वर्षांनी तेच काम पुन्हा काढण्यापेक्षा पुनर्बांधणी प्रामाणिक ठरते. त्या वेळी स्लॅगयुक्त (लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले) सिमेंट निवडावे, कारण त्यात क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून बनणारा सिमेंटचा मुख्य घटक, कमी लागतो आणि ते क्लोराइडला अधिक काळ थोपवते. पर्यावरण आणि टिकाऊपणा असे एकाच पारड्यात पडणे बांधकामात दुर्मीळच.

सांगाडा ठेवायचे ठरले की काम एकदम करायचे की टप्प्याटप्प्याने, हा प्रश्न येतो. एकदम केल्याने परांची एकदाच उभी राहते, मलबा एकदाच निघतो आणि नळजोडणीसाठी नवा गिलावा फोडण्याची वेळ येत नाही. टप्प्याने केल्यास पैशाचा ताण विभागला जातो आणि पावसाळ्यात ओल नेमकी कुठून येते, हे पाहून पुढचे ठरवता येते. माझ्या मते सांगाडा, छप्पर, नळ आणि वायरिंग ही कामे एका दमात उरकावीत. गिलावा, रंग आणि फर्निचर मात्र भिंती वाळून स्थिर होईपर्यंत थांबवावे. घाईने लावलेला रंग खारट भिंतीवर पोपडे धरतोच.

गिलाव्यात चुना की सिमेंट, याचे उत्तर भिंतीवर अवलंबून आहे. काँक्रीटच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चालतो. जुन्या दगडी किंवा विटांच्या बांधकामावर मात्र तो घातक ठरतो: ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार आतच स्फटिकरूप होतात आणि गिलाव्याऐवजी दगडाचाच पृष्ठभाग सुटू लागतो. चुन्याचा गिलावा ओलीला वाट देतो आणि लोणा लागला तर स्वतः झिजतो. तेवढाच खरवडून पुन्हा लावता येतो. घट्ट होताना चुना हवेतला काही कार्बन डायऑक्साइड परत शोषतो. तरी भट्टीत जळलेल्या इंधनाचा हिशेब उरतोच, त्यामुळे त्याला ‘शून्य कार्बन’ म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. त्याला वाळायला वेळ लागतो आणि त्यावर प्लॅस्टिक रंग दिला तर त्याचा सगळा फायदा वाया जातो.

खिडक्यांची निवड सर्वांत गोंधळाची, कारण अॅल्युमिनियम, यूपीव्हीसी आणि लाकूड या तिन्ही पर्यायांची जाहिरात पर्यावरणस्नेही म्हणूनच होते. अॅल्युमिनियम हलके, काटक आणि जवळजवळ कितीही वेळा वितळवून वापरता येणारे असते. पुनर्वापरातील अॅल्युमिनियमला नव्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, म्हणून चौकटीत पुनर्वापरित धातू किती आहे, हे विचारूनच घ्यावे. खाऱ्या हवेत त्यावर बारीक खड्डे पडतात. त्यामुळे सागरी हवेसाठीचे जाड अॅनोडायझिंग (धातूवर तयार केलेला संरक्षक ऑक्साइडचा थर) किंवा त्या प्रतीचे पावडर कोटिंग अत्यावश्यक आहे. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकची चौकट, गंजत नाही आणि उष्णताही कमी वाहून नेते, परंतु तिच्या पोटात बळकटीसाठी बहुधा पोलादी पट्टी असते आणि कापलेल्या टोकांतून ओल शिरली तर ती पट्टी गुपचूप गंजते. ही चौकट बिघडली की बहुतेकदा पूर्ण बदलावी लागते. जबाबदारीने तोडलेले टिकाऊ लाकूड किंवा जुन्या घरातले निघालेले लाकूड यांचा कार्बन हिशेब उत्तम असतो आणि कुजलेला तुकडा कापून तिथे नवा सांधता येतो. मात्र ठरावीक काळाने तेल किंवा रंग देण्याची तयारी हवी. देखभाल होणार असेल तर लाकूड, नसेल तर चांगल्या आवरणाचे अॅल्युमिनियम, असा माझा कौल आहे. बिजागऱ्या, कड्या आणि स्क्रू मात्र कोणत्याही चौकटीला ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच असावेत. ३०४ प्रतीत मॉलिब्डेनम हा गंज रोखणारा धातू नसल्यामुळे त्यावर किनाऱ्यावर लवकर तपकिरी डाग पडतात. अॅल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू बसवताना मध्ये नायलॉनची चकती घालावी, नाहीतर दोन धातूंच्या संपर्कातून अॅल्युमिनियम झिजते.

छपराबाबत फार खल करण्याचे कारण नाही. उतार आणि वासे भक्कम असतील तर कौले ठेवावीत. पत्राच हवा असेल तर किनाऱ्यापासूनच्या अंतरानुसार हमी काय आहे, ते लेखी घ्यावे, कारण अनेक हमी समुद्राजवळ लागूच होत नाहीत.

विजेच्या बाबतीत आधी सावली, आडवे वायुवीजन आणि फिकट रंगाचे छप्पर, मग यंत्रे, हा क्रम बदलू नये. एअर कंडिशनरच्या बाहेरच्या युनिटमधील धातूच्या पातळ पट्ट्या क्षारांमुळे लवकर झिजतात. त्यावर संरक्षक आवरण असलेले मॉडेल घेऊन ते ठरावीक काळाने गोड्या पाण्याने धुवावे. सौर पॅनेल घेताना क्षारयुक्त धुक्याची आयईसी ६१७०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणी झाली आहे का, हे पाहावे. पॅनेलइतकेच महत्त्व त्याच्या सांगाड्याला आहे, कारण वादळात वारा पॅनेलला खालून उचलतो.

पाण्याच्या बाबतीत विहीर की पावसाचे पाणी, हा पर्याय असेल तर पावसाचे पाणी साठवण्याला प्राधान्य द्यावे. किनाऱ्याखालचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि भूजलाची पातळी १ मीटर खाली गेली, तर सैद्धांतिक हिशेबाने खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० मीटर वर सरकते. एकदा खारट झालेली विहीर सहजासहजी सुधारत नाही. पुराचा धोका असेल तर वायरिंग नव्याने होत असतानाच मीटर, स्विचबोर्ड आणि पंपाचे पॅनेल नोंदलेल्या पूरपातळीच्या वर घ्यावेत आणि तळमजल्यावर जिप्समऐवजी धुऊन वाळणारे साहित्य वापरावे.